‘कवा जानार?’ या प्रश्नाचं उत्तर

माझी ऑफिसातली मैत्रीण आणि तिचे मिस्टर निवृत्तीनंतर मुलाकडे स्पेनला जाऊन राहिलेत. रोज सकाळी तिचा फोटो येतो. चौकात खुर्च्या टाकून दोघं कॉफी पीत बसलेत, बाजारातून मासे आणलेत, दुपारी पडदे ओढून झोप, संध्याकाळी गावातल्या रस्त्यावरून फेरी. मी फोटो दाखवला की आमचे हे चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, “यात असं काय आहे जे आपल्या वाडीत नाही?”

“समुद्र,” मी म्हणायचे.

“ते सोड. बाकी?”

बाकीचं मला सांगता येईना, आणि तिथेच मी फसले. यांची वाडी पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या वाटेवर, डोंगरात. तीस-पस्तीस घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. यांचा जन्म तिथला. सासू-सासरे गेल्यावर घर पत्रे घालून धरून ठेवलंय, आम्ही शिमग्याला दोन दिवस जातो, झाडून-पुसून परत डोंबिवलीला. या वेळी हे म्हणाले, दोन दिवस नाही, आठवडाभर राहू. कायमचं राहायला जमेल का ते बघू. मी “बघू” म्हटलं. माझ्या मते ‘बघू’ म्हणजे जवळजवळ नाही. यांच्या मते जवळजवळ हो. चाळीस वर्षांच्या संसारात या एका शब्दाचा अर्थ आमच्यात कधी ठरलेला नाही.

तुम्ही जाणार असाल तर सांगते. पनवेलहून एसटी पकडा, मला महिलांची सवलत, यांना ज्येष्ठांची, त्यामुळे प्रवास तसा स्वस्तात होतो. माणगावला गाडी हमखास रखडते, पाण्याची बाटली जवळ असू द्या. महाडच्या पुढे औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर पाळीचे कामगार घेऊन जाणाऱ्या बसगाड्यांची रांग होती आणि खिडकीतून तो औषधी, झोंबरा वास आत आला. पोलादपूरला उतरून वडापाव खाल्ला, पुढे महाबळेश्वरच्या रस्त्याला लागून मध्येच आत वळायचं, त्यासाठी जीप ठरवली. वळणं अशी की मी सगळा वेळ समोरच्या सीटची दांडी धरून होते. दांडी धरण्याचं खरं कारण मात्र वळणं नव्हती. गेल्या वर्षी यांच्या छातीत दुखलं आणि स्टेंट बसवला. पोलादपूर सोडल्यापासून मी मनात एकच हिशेब करत होते, की इथून परत डॉक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागेल. प्रत्येक वळणाला तो वाढत होता.

अंगणात बॅगा ठेवतोय तोच पारूवहिनी आल्या. पारूवहिनी म्हणजे यांच्या चुलतभावाची बायको, माझी थोरली जाऊ. भाऊजी गेले, मुलं मुंबईला, त्या एकट्या राहतात आणि वाकून चालत असल्या तरी माझ्यापेक्षा दुप्पट चालतात.

“कवा आलाव?” त्यांनी विचारलं.

“हे काय, आत्ताच.”

“बरा झाला. कवा जानार?”

“रविवारी,” मी म्हटलं.

हे तेव्हा कुलूप काढत होते. किल्ली फिरवता फिरवता थांबल्यासारखे वाटले, पण मी लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत निदान दहा जणांनी हेच दोन प्रश्न विचारले. कवा आलाव, कवा जानार. मी प्रत्येकाला रविवार सांगितला. यांना कुणी विचारलं की हे हसायचे आणि शेतात काय पेरलंय ते विचारायला लागायचे.

पहिले दोन दिवस, खोटं कशाला बोलू, मला आवडले. सकाळी घोंगडी घेऊन ओट्यावर बसायचं, चहाचा कप दोन्ही हातांत धरायचा आणि खालच्या दरीतलं धुकं वर येताना बघायचं. पारूवहिनी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं आणून द्यायच्या. दुपारी आम्ही दोघंही झोपायचो, दार सताड उघडं टाकून. डोंबिवलीत दार उघडं टाकून झोपायची कल्पनाही करवत नाही. उठल्यावर हे परसातली लाकडं फोडायला घ्यायचे, मी “हळू” म्हणायचे, हे “हळूच करतोय” म्हणायचे. मैत्रिणीला मी भाकरीचा फोटो पाठवणार होते, पण रेंज नाही. वाडीच्या वर एक मोठा कातळ आहे, तिथे चढून गेलं तर दोन दांड्या दिसतात. तुम्ही जाणार असाल तर घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं घाबरतात.

बुधवारी आम्ही बाजाराला खाली पोलादपूरला गेलो. यांच्या गोळ्या, भाजी, माझ्यासाठी मफलर. जीपमध्ये वाडीतल्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “तुमची चूल धरली म्हनं आवंदा. बरा केलाव.” मला वाटलं, गॅस संपला तर चूल वापरतो का, असं काहीतरी विचारताहेत. मी म्हटलं, “नाही हो, गॅसच आहे.” बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं, आणि मग खिडकीबाहेर बघायला लागल्या. हे पिशवीतले कांदे नीट लावत होते. कांदे नीटच होते.

“काय म्हणत होत्या त्या?” मी उतरल्यावर विचारलं.

“असंच काहीतरी.”

शुक्रवारी सकाळी मी उठले तर हे घरात नव्हते. बाहेर इतकं धुकं की अंगणातली तुळससुद्धा दिसेना. यांचा फोन खिडकीत पडलेला. चहा केला, यांचा कप झाकून ठेवला. चहा गार झाला. परसात जाऊन हाका मारल्या. कातळाच्या वाटेवर थोडं वर गेले, पण त्याच्या पलीकडे कडा आहे आणि पायाखालचं काही दिसेना, तेव्हा मी पुढे पाऊल टाकलं नाही. मी खाली बसले. सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. कुठे पडले असतील, कुणाला हाक मारू, जीप कुणाची, खाली पोचेपर्यंत काय. आणि इतका राग आला मला, या माणसाचा, या धुक्याचा, स्पेनचासुद्धा.

पारूवहिनींच्या दारात गेले आणि यांना पाहिलंत का, एवढंच विचारलं.

“भावोजी? देवलाकडं असतील,” त्या शांतपणे म्हणाल्या. “माजी पाली हाय ना. झाडायला येतो म्हनालं हुतं. बस गो, काय झाला?”

मी बसले नाही. देऊळ वाडीच्या टोकाला आहे, धावतच गेले. हे धोतरासारखा टॉवेल गुंडाळून देवळाचा ओटा झाडत होते. ठणठणीत. पायरीवर गावकीचे तात्या बसले होते, वाडीतले सगळ्यात वडीलधारे. दोघांचं काहीतरी चाललं होतं आणि मला बघून थांबलं.

“अहो, फोन घरात टाकून...” एवढंच मी बोलले आणि मला रडू आलं. तात्यांसमोर. मला त्याची लाज वाटली आणि मग आणखी रडू आलं.

तिथे मला सगळं कळलं. वाडीत देवाला दिवा लावायची पाळी असते, एकेका घराकडे आठवडा. घर म्हणजे भिंती नव्हेत, चूल. जे मुंबईला आहेत त्यांची घरं पाळीत धरत नाहीत, ते वर्गणी देतात आणि शिमग्याला नाचून जातात. आमचं घर सासूबाई गेल्यापासून पाळीतून वगळलेलं. यांनी दिवाळीतच तात्यांना कातळावरच्या कुणाच्या तरी फोनवर गाठून सांगितलं होतं, की आम्ही राहायला येतोय, आमची चूल धरा. गावकीने धरली. पारूवहिनींनंतर आमचा नंबर, शनिवारी संध्याकाळपासून. आणि मी आल्या आल्या सगळ्या वाडीला रविवार सांगून टाकला.

“पाली मानसाची नसती, चुलीची असती,” तात्या मला म्हणाले, अगदी मऊपणे. “तुमी रईवारी चाललाव. मंग चूल कुनाची धरू? पुडच्या घरला सांगितला मी.”

“मी राहतोय की,” हे म्हणाले.

“एकट्या बाप्याची चूल आमी धरीत नाय, सुभास. तुला ठावं हाय.”

परत येताना आम्ही एकामागून एक चालत होतो, बोललो ते घरात येऊन.

“मला विचारलंत?” मी म्हटलं. “सगळ्या वाडीला माहीत, जीपमधल्या बाईला माहीत. मलाच नाही.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“म्हणजे माहीत होतं.”

हे कॉटवर बसले. गार चहा उचलून तसाच प्यायले. “तुला काय वाटतं, मला इथला दिवा लावायची हौस आहे? मी इथे जन्मलो. त्या झाडाखाली मला देवी टोचली. आणि आलो की प्रत्येक जण मला विचारतो, कवा जानार. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणावं, आलास का, बस. मग मी मरायला मोकळा.”

“मरायचं बोलू नका,” मी म्हटलं. तो सगळा दिवस आम्ही जेवढ्यास तेवढं बोललो. दुपारी पारूवहिनी पिठलं घेऊन आल्या आणि कोपऱ्यात बसून म्हणाल्या, “तू दिवस सांगितलास ना गो, तितंच चुकला. दिवस सांगतो त्यो पावना. आमी कुनी सांगत नाय.”

“मग काय सांगता?”

“काय नाय. बगू म्हनायचा.”

शनिवारी संध्याकाळी देवळात दिवा लागला, तो पुढच्या घरच्या सुनेने लावला. हे अंगणातून बघत उभे होते. मी हाक मारली नाही.

रविवारी मी बॅग भरली तेव्हा यांनी यांचे कपडे बॅगेत घातले नाहीत. मला अंदाज होताच. यांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या पुड्या करून बाजूला ठेवल्या, पारूवहिनींना डॉक्टरांचा आणि जीपवाल्याचा नंबर पाठ करायला लावला. हे म्हणाले, “आठवडाभर राहतो. पाळी मिळो न मिळो.” मी म्हटलं, “भात लावता येतो का?” म्हणाले, “येईल.” जीप आली. मी बसल्यावर पारूवहिनींनी नाचणीच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि काचेतून वाकून विचारलं, “आता कवा येशील?” सगळा आठवडा ज्या प्रश्नाला मी फटकन उत्तर देत होते तोच उलटा फिरून आला, आणि मी पिशवी सावरत ‘निघते’ एवढंच म्हटलं. घाट उतरेपर्यंत मी दांडी धरली नव्हती हे पोलादपूरला उतरल्यावर माझ्या लक्षात आलं.

डोंबिवलीला घर जसंच्या तसं होतं. बटण दाबलं की पंखा, नळ सोडला की पाणी, कोपऱ्यावर डॉक्टर. मला हे सगळं हवंय, मी ते नाकारत नाही. पण दुपारी झोपायला गेले तर दाराला तीन कड्या लावल्यावरही झोप लागेना. यांचा फोन संध्याकाळी यायचा, कातळावरून. चढल्यामुळे धाप लागलेली असायची. आधी मी ती धाप ऐकायचे, मग बोलणं.

“आज भात लागला,” हे सांगायचे. “करपलेला काढून टाकला, वरचा खाल्ला.”

“दुखतंय का कुठे?”

“नाही गं.”

बुधवारी गॅस संपला. यांना सिलिंडर बदलता येतो, पण भरलेला सिलिंडर होताच कुठे. गुरुवारी फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. “मी चूल पेटवली,” म्हणाले. “डोळे चुरचुरताहेत. पण तात्या आले होते सकाळी. म्हणाले, तुझ्या घरावर धूर दिसला म्हणून आलो. चहा प्यायले.”

“आणि?”

“म्हणाले, शनिवारी पाळी बदलतेय. वहिनी कधी येणार ते विचारून घे.”

मला एकदम हसू आणि राग दोन्ही आलं. “तुम्ही निरोप्या आहात का? आधीही माझ्या वतीने तुम्हीच बोललात. त्यांना म्हणावं, विचारायचं असेल तर मला विचारा.”

“बरं,” म्हणून यांनी फोन ठेवला. मला वाटलं, आता हा विषय संपला. तात्यांसारखा ऐंशीच्या घरातला माणूस काय कातळ चढून फोन करणार.

शुक्रवारी संध्याकाळी यांच्या नंबरवरून फोन वाजला. उचलला तर पलीकडून तात्यांचा आवाज, इतका मोठा की फोन कानापासून लांब धरावा लागला. इतक्या वर्षांत त्या वाडीतल्या कुणी माझ्याशी फोनवर बोलायची ही पहिलीच वेळ.

“वयनी, तात्या बोलतोय. तुमी कवा येनार?”

“उद्या,” मी म्हटलं. बॅग तशीही दारातच होती. आल्यापासून पाच दिवस ती मी आत नेली नव्हती. “दिवेलागणीच्या आत पोचते.”

“बरा, बरा.” मग जरा थांबून, सवयीने, “आनि जानार कवा?”

पलीकडे यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. जवळच उभे असणार, कान देऊन. माझ्या ओठांवर आठवड्यातला एक वार आलाही होता. डॉक्टरांची तारीख, गॅसचा नंबर, मुलीचं येणं, सगळं धरून मी तो मनाशी ठरवलाच होता.

“बघू,” मी म्हटलं.

 फोन तोंडापासून लांब नेऊन तात्या यांना म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं, “तेल आन रे सुभास. उद्यापास्नं तुजी पाली.”