डबा परत आन

भिगवण स्टेशनात गाडी थांबते न थांबते तोच सुटते. तेवढ्यात अब्बांनी माझी बॅग आत ढकलली, बाकावरच्या एका बाईला सरकायला लावलं, खाली उतरले आणि खिडकीच्या गजांतून जेवणाचा डबा आत सारायला लागले. डबा गजांतून जाईना. आडवा करून बघितला, तिरका करून बघितला. गाडी हलली तसे ते डबा पोटाशी धरून दाराकडं पळाले, आतून मीही पळाले, आणि दारात एकदाचा डबा माझ्या हातात आला. आता पोरगी एकटी दिल्लीला नोकरीला चाललीय, तर बापानं काय म्हणावं? सांभाळून जा म्हणावं, पोचल्यावर फोन कर म्हणावं. अब्बा धापा टाकत ओरडले, "डबा परत आन! अन् रिकामा आनू नगंस!"

असा संताप झाला माझा! काळजी कसली, तर भांड्याची. दौंडला गाडी बदलेपर्यंत मी फुरंगटून बसले होते. मग भूक लागली, कडी काढली. तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. झाकणावर कोरलेलं नाव : हुसेन तांबोळी, भिगवण. ते नाव वाचलं आणि मी भर स्टेशनात रडायला लागले.

आमची हायवेला खानावळ. उजनी धरणातला चिलापी मासा तळून द्यायचा, वर भाकरी. घरातून, शेजारातून, कामावरच्या माणसांतून कुणीही लांब निघालं की अब्बा त्याला डबा द्यायचे, आणि द्यायचे तो स्टीलचाच. अम्मा सांगवीची, हिशोबी बाई. ती म्हणायची, कागदात बांधून द्या की, भांडी कमी पडतात. अब्बांचं म्हणणं ठरलेलं. "कागदात दिलं की खाल्लं अन् इसरलं. भांडं दिलं की त्याला परत यावं लागतंय." आणि कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तर आपल्या भागात शाळेत जायच्या आधी कळतं. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. म्हणजे अब्बांचा डबा घेतला की तुम्ही दोन गोष्टींना बांधलेले : यायचं, आणि काहीतरी घेऊन यायचं. मी दर वर्षी तो डबा दिल्लीचा तीळगुळाचा गजक भरून नेला आणि भाकरी-चटणी भरून आणला. तुम्ही जे भिगवणात राहिलात, तुम्हाला वाटत असेल ही काय दिल्लीत मजेत आहे. माझी दिल्ली म्हणजे त्या डब्याच्या दोन फेऱ्यांमधला वेळ.

नोकरी कसली, तेही सांगते. परदेशातल्या एका मोठ्या सांस्कृतिक संस्थेचं ऑफिस. देशादेशांत पूल बांधणं हे आमचं काम, असं दारातच लिहिलंय. कसला पूल अन् कसलं काय, धर्मशाळा आहे नुसती. साहेबलोक बाहेरून येतात, तीन-चार वर्षं राहतात, पुढच्या देशात जातात. कुणी आलं की घर बघायचं, गॅस लावून द्यायचा, सिमकार्ड आणायचं, कामाला बाई शोधायची, कुत्र्याला डॉक्टर शोधायचा, हे माझ्याकडं. कुणी निघालं की केक, शाल, ग्रुप फोटो आणि सामान बांधणारी माणसं, हेही माझ्याकडं. निरोपाचा कापडी बॅनर एकच आहे, नावाची पट्टी तेवढी बदलायची. जाणारा प्रत्येक जण डोळे पुसत म्हणतो, तुम्ही सगळे माझं कुटुंब आहात. पुढच्या महिन्यात त्या कुटुंबानं मेल केला तर उत्तर येत नाही.

बोर्डावर एक कागद लागतो, कोण आलं आणि कोण गेलं त्याचा. त्यात आम्हा लोकल स्टाफचं नाव कधीच नसतं. एकदा विचारलं तर म्हणाले, तुम्ही तर इथलेच. इथलेच! दिल्लीत मी भाजीवाल्याशी बोलले की तो विचारतो मॅडम, आप बाहर से हो क्या. बाहेरच्यांनी इथली म्हणायचं आणि इथल्यांनी बाहेरची म्हणायचं, मधल्या मधे आमचं भरीत.

मार्ता मॅडम डायरेक्टर म्हणून आल्या, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, गाव कुठलं. भिगवण म्हटलं आणि बाई खुर्चीतून उठल्याच. फ्लेमिंगो! त्यांना सगळं ठाऊक होतं, पक्षी कधी येतात, कुठं उतरतात, काय खातात. दिल्लीत भिगवणचं नाव परक्याच्या तोंडून ऐकलं ते पक्ष्यांच्या कृपेनं. त्याच हिवाळ्यात मी त्यांना घेऊन गावी आले. होडीतून फिरल्या, दुर्बिणीतून पोटभर पक्षी बघितले, आणि दुपारी आमच्या खानावळीत जेवल्या. अब्बांनी त्या दिवशी बाकीची गिऱ्हाइकं बाहेरच्या बाकांवर बसवली. मासा काट्यांमुळं त्यांना जमेना, पण चटणी त्यांनी बोटानं चाटून खाल्ली, मागून घेऊन खाल्ली. पैसे द्यायला गेल्या तर अब्बा दुखावले. "पोरीच्या सायबीनीकडनं पैसं घिऊ व्हय?" मॅडमनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी म्हणाल्या. मीच ते मराठीत सांगितलं : दिल्लीला या, माझं घर ते तुमचंच घर.

आता बघा, आपल्याकडं कुणी "या कधीतरी" म्हटलं तर ते बोलण्यापुरतं असतं, हे आपल्याला समजतं. पण हात धरून "माझं घर ते तुमचं" म्हटलं, की ते पाळायचं असतं. अब्बांनी ते पाळायचं म्हणून मनात ठेवलं.

मॅडमची बदली झाली तेव्हा मी फोनवर सहज सांगून गेले. अब्बा म्हणाले, "बाई जानार? मग सोडायला कोनी जायला नगं का? आपल्यात जेवलेलं मानूस हाय ते." मी परोपरीनं सांगितलं, अब्बा, नका येऊ, इथली रीत वेगळी आहे. ऐकतील तर ते अब्बा कसले! निरोपसमारंभाच्या दुपारी गेटवरून फोन आला, कोई बुजुर्ग आए हैं, लिस्ट में नाम नहीं है. जाऊन बघते तर अब्बा : धुतलेला नेहरू शर्ट, टोपी, आणि सबंध प्रवासात मांडीवरून खाली न ठेवलेला डबा. सिक्युरिटीवाला नियम सांगायला लागला. मी म्हटलं, हा माझा बाप आहे, याला आत सोडायचं नसेल तर तो केक तूच काप. शेवटी गळ्यात पाहुण्याचा पास अडकवून अब्बांना आत घेतलं.

हिरवळीवर ग्लास हातात धरून उभ्या असलेल्या त्या माणसांत अब्बा ताठ उभे होते. मॅडम हसत आल्या. तसेच दोन्ही हात हातात घेतले आणि इंग्रजीत म्हणाल्या, आलात, फार छान वाटलं, खूप लांबून आलात का?

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हंत्यात?"

मी म्हटलं, "प्रवास कसा झाला विचारतायत."

"चटनी आवडली हुती त्यास्नी, म्हून आनली. सांग की."

मी सांगितलं. हे माझे वडील, भिगवणचे, आपण त्यांच्याकडं जेवलो होतो. क्षणभर बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग एकदम उजेड पडला. "ओ! फ्लेमिंगो!" आणि त्यांनी दोन्ही हात पंखांसारखे हलवून दाखवले. आजूबाजूचे हसले. हा शब्द अब्बांना समजत होता, त्याचं मराठी करायची गरज नव्हती. तरी ते बिचारे हसले आणि डबा पुढं केला. "त्यास्नी सांग, डबा परत आना म्हनावं. म्हंजे येनं हुईल."

मी तेही सांगितलं. बाईंनी छातीवर हात ठेवला. नक्की आणीन म्हणाल्या. अब्बा मला म्हणाले, "बघ, मानूस चांगलं हाय." दुसऱ्या दिवशी समाधानानं गाडीत बसले.

आमच्या ऑफिसात बदलीचं सामान बांधायची एक पद्धत आहे. घरातल्या वस्तूंवर जाणाऱ्यानं स्वतःच्या हातानं स्टिकर लावायचे. हिरवा म्हणजे सोबत न्यायचं, पिवळा म्हणजे विकायचं, लाल म्हणजे टाकून द्यायचं. मॅडम विमानतळाकडं गेल्या आणि मी माणसं घेऊन त्यांच्या घरात शिरले. दिवाणखान्यात लाकडी फ्लेमिंगो होता, त्याला हिरवा. स्वैपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात अब्बांचा डबा होता, त्याला लाल. तोही नेमका झाकणावरच्या नावावर लावलेला. कडीसुद्धा काढलेली नव्हती. मी काढली. भाकरी जशाच्या तशा, आणि चटणीचा खवट वास.

नसती आवडली, नसती खाल्ली, एक वेळ समजले असते. पण उघडून तरी बघायचं! गावागावातली संस्कृती जपण्यावर भाषणं ठोकणारी बाई, आणि दारात आलेला डबा उघडायची अक्कल नाही. माझ्या बापाचं नाव कचऱ्यात घालायला काढलं होतं तिनं. मी तिथंच खाली बसून नखानं स्टिकर खरवडला. कागद निघाला, डिंक राहिला. सामान बांधणारी माणसं विचारत होती, मॅडम, ये भी फेंकना है क्या. मी त्यांच्यावर विनाकारण खेकसले.

डबा घासला, गजक भरला आणि गावी नेला. बाईंनी पाठवला असं सांगायचं ठरवून गेले होते. अब्बांनी डबा हातात घेतला, झाकणावरून अंगठा फिरवला. डिंक लागला असणार बोटाला.

"बाईंनी दिला व्हय?"

माझ्या तोंडून होय निघेना. म्हटलं, "त्या विसरून गेल्या, अब्बा."

अब्बा रॉकेलचा बोळा घेऊन झाकण पुसत बसले. म्हणाले, "त्यांच्यात परत यायची रीतच नसंल. त्याला त्या तरी काय करनार?" माझ्या जाण्याच्या दिवशी तोच डबा भरून हातात दिला. "तुझ्याकडनं तरी यील."

अब्बा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या मागोमाग अम्माही गेली. खानावळ धाकटा भाऊ सलीम चालवतो. आता ती खानावळ राहिली नाही, फॅमिली रेस्टॉरंट झालंय. बोर्डावर तांबोळी हे नाव कुठं नाही. फ्लेमिंगो लिहिलंय, गुलाबी लाइट लावून. धंद्याला बरं पडतं म्हणतो, आणि पडतही असेल. मी गेले की मला बशीतून बिस्किटं येतात, नवी चादर घातली जाते. सलीमची बायको नसीम, पिंपळीची, गुणी मुलगी आहे, मला ओट्याजवळ उभं राहू देत नाही. पाहुण्यांनी काम करायचं नसतं म्हणते. पाहुण्यांनी!

या खेपेला डबा गजक भरून नेला होता. नसीमनं गजक पोरांना वाटला, डबा धुऊन पालथा घातला. निघायच्या दिवशी बघते तर माझ्या पिशवीत पार्सलचे प्लास्टिकचे डबे, चिकटपट्टी लावून बांधलेले. भाकरी, चटणी, वर तळलेली चिलापीसुद्धा, सगळं मायेनं केलेलं. मी म्हटलं, अगं, अब्बांच्या डब्यात भर की.

नसीम म्हणाली, "आपा, वझं कशाला? ह्ये खाल्लं की टाकून द्यायचं. परत आनायची कटकट न्हाय तुमाला."

सलीमनं गाडीची किल्ली शोधता शोधता भर घातली, "अन् त्यो डबा बी तूच ठेव आपा, अब्बांची आठवन म्हून. हितं कशाला लागतोय आता?"

दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळतं. म्हणून तर भांडताही आलं नाही. मार्ता मॅडमवर चिडता तरी आलं होतं. सलीमनं रिकामा डबा माझ्या पिशवीत वर ठेवला. भिगवणातून तो रिकामा निघालेला मी कधी बघितला नव्हता.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचं तुम्ही बघा. मी इतकी वर्षं समजत होते की घर मागं आहे, आपण फक्त लांब आहोत. घर म्हणजे चार भिंती नव्हत्याच. "परत आन" म्हणून दटावणारं एक माणूस होतं, आणि ते गेलं. ऑफिसातल्या त्या बोर्डावर माझं नाव कधी लागलं नाही. भिगवणात मात्र गेलेल्यांच्या यादीत लागलं, आणि लावणाऱ्यांना पत्ताही नाही.

स्टेशनात गाडी थांबते न थांबते तोच सुटली. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते, तशीच उठून दारात आले. प्लॅटफॉर्मवर सलीम हात हलवत गाडीबरोबर चालत होता. काहीतरी ओरडायला त्यानं तोंड उघडलं, तशी मी गजाला धरून वाकले, कान तिकडं लावले.

"सांभाळून जा आपा!" सलीम ओरडला. "पोचल्यावर फोन कर!"