वन्समोअर बाळासो

राजारामपुरीत ‘बाळासो चौगुले कुठं राहतात?’ असं विचारलंत, तर लोक तुमच्याच तोंडाकडं बघत राहतील. ‘वन्समोअर बाळासो’ म्हणा, की पानपट्टीवालासुद्धा पान अर्धवट सोडून वाट दाखवायला उठेल. तसा त्यांचा धंदा मिक्सर दुरुस्तीचा. पण माणसाला कशावरून ओळखायचं हे गाव ठरवतं, आणि कोल्हापूरनं बाळासोंना त्यांच्या गळ्यावरून ओळखलं.

गळा म्हणजे गाण्याचा नव्हे बरं. गणपतीची आरतीही त्यांना धड सुरात म्हणता येत नाही. गळा ओरडण्याचा. गावात ऑर्केस्ट्राचा जोर होता तेव्हाची गोष्ट. ऑर्केस्ट्रा म्हणजे आपला, सिनेमाच्या गाण्यांचा: दोन गायक, एक गायिका, चमचमत्या कोटातला निवेदक आणि पहिल्याच गाण्याला किंचाळणारा माइक. गाणं संपता संपता तिसऱ्या रांगेतून बाळासो ‘वन्स मोअर!’ अशी आरोळी ठोकत, ती मांडवाबाहेरच्या भेळवाल्याला ऐकू जाई, आणि मग अख्खा मांडव ओरडायला लागे. ऑर्केस्ट्रावाले त्यांना ती तिसऱ्या रांगेतली खुर्ची फुकटात देत आणि कुठल्या गाण्याला ओरडायचं ते आधीच कानात सांगून ठेवत. बाळासोंना स्वतःला कुठलं गाणं पुन्हा ऐकावंसं वाटतं, हे कुणी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

त्यांना दुसरी खोड चौकसपणाची. कुठलीही वस्तू दिसली की पहिला प्रश्न, ‘आत काय हाय?’ या प्रश्नापायीच घरात व्हायोलिन आलं. अशाच एका ऑर्केस्ट्रात अमीन मास्तर व्हायोलिन वाजवत. एकदा ते बिघडलेला मिक्सर घेऊन दुकानात आले, खांद्याला व्हायोलिनची पेटी. बाळासोंनी मिक्सर राहू दिला बाजूला आणि व्हायोलिनच्या फटीतून बॅटरी मारली. आत एक लाकडी काडी उभी होती.

“ही कशानं चिकटवली, मास्तर?”

“चिकटवलीच न्हाय. नुसती दाबावर उभी हाय. ती पडली की वाद्याचा जीव गेला.”

बाळासोंची लेक अनुजा तेव्हा शाळेतही जात नव्हती. तिनंही फटीला डोळा लावला. बापाचं समाधान काडी बघून झालं, पोरीचं झालं नाही. ती मास्तरांकडं शिकायला जाऊ लागली ती जाऊ लागलीच.

इथवर सगळं छान. मग जयसिंगपूरला माती खाल्ली. कॉलेजच्या स्पर्धेत अनुजा एकटी वाजवत होती. वाजवता वाजवता ती क्षणभर थांबली, श्वास घ्यावा तशी. बाळासोंना वाटलं, संपलं. त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून पोरीच्या हातातला गज तारेवरून घसरला आणि हॉल खो खो हसला. अनुजा ओठ घट्ट मिटून तशीच उभी राहिली, मग आत निघून गेली. बापाशी ती पुढं बोलली, हसली, सणावाराला घरी आली, सगळं झालं. पण आपल्या कार्यक्रमाला मात्र तिनं बापाला पुन्हा कधी बोलावलं नाही. बाळासोंनीही विषय काढला नाही. तिचा फोटो पेपरात आला की कापून दुकानात लावायचे आणि गिऱ्हाइकानं विचारलं, “तुम्ही ऐकलंय का हो?” की स्क्रू शोधायला लागायचे.

पुढं अनुजा पुण्यातल्या एका मोठ्या वाद्यवृंदात लागली. विलायती संगीत, पन्नासेक माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. तो वाद्यवृंद यंदा कोल्हापुरात येणार असं ठरलं आणि अनुजानं स्वतः तीन पास घरी पाठवले. आई, मास्तर आणि आबा, म्हणजे खुद्द बाळासो. आबांचा पास बाळासोंनी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, नाव आपलंच आहे ना म्हणून.

गल्लीत बातमी पसरायला किती वेळ? “ऑर्केस्ट्रा येतोय म्हणं! गायिका कोण हाय?”

“गायिका न्हाय,” बाळासो म्हणाले. “गाणंबी न्हाय.”

“मग हाय तरी काय त्यात?”

“तेच बघायला चाललोय की!”

कार्यक्रमाच्या सकाळी अनुजा घरी आली, चहा घेतला आणि बापासमोर बसली. “आबा, आज मी पुढं एकटी उभी राहणार हाय. नवीन रचना हाय, पुण्यातल्याच एका बाईंनी लिहिलेली. मधे मधे थांबणं हाय त्यात. तुम्ही वरडायचं न्हाय. टाळीसुद्धा सगळ्यांनी वाजवली की मगच.”

बाळासोंनी आपल्या गळ्याला चिमूट लावली. “गळ्याशपथ.” त्यांच्यासाठी याहून मोठी शपथ नव्हती. बायकोचा तरीही भरवसा नव्हता. हॉलमध्ये बसल्या बसल्या तिनं त्यांच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा घातला. “धरा हे. तोंड बंद ऱ्हाईल.”

पहिल्यांदा जुनं संगीत होतं, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपियन माणसाची सिंफनी. काठीवाला गृहस्थ आपल्याकडं पाठ करून का उभा, इथपासून बाळासोंची चौकशी सुरू झाली आणि मास्तर कुजबुजत उत्तरं देत राहिले. पहिला भाग धडाक्यात संपला आणि कोल्हापूरनं मनमोकळ्या टाळ्या वाजवल्या. काठीवाले मागं वळले, तोंड आंबट करून. दुसऱ्या भागानंतर पुन्हा टाळ्या. मग मध्यंतरात निवेदिकेनं सगळ्यांना शाळेतल्या बाईंसारखं बजावलं, “सर्व भाग पूर्ण झाल्याशिवाय कृपया टाळ्या वाजवू नयेत.” हजारभर माणसं खजील झाली. बाळासो मात्र ताठ बसले होते. त्यांनी एकही टाळी आगाऊ वाजवली नव्हती.

मध्यंतरानंतर अनुजा आली. ही नवी रचना म्हणजे अजबच प्रकार होता. सुरुवातीलाच व्हायोलिन असं खरखरलं, की जणू पाणी न घालता मिक्सर फिरवावा. बाळासो अर्धे उठले.

“बस खाली,” मास्तरांनी शर्ट ओढला. “बिघडलं न्हाय. असंच हाय ते.”

असंच आहे? मग का आहे? बाळासो पुढं झुकले. खरखरीतून हळूच एक सूर निघाला, शीळ घातल्यासारखा. मागची सगळी वाद्यं त्याच्या पाठोपाठ गेली आणि मधेच थबकली. आता काय होणार, हे कळेना. जुन्या संगीतात पुढचं थोडंफार ओळखता येत होतं. इथं प्रत्येक वळणाला अंदाज चुकत होता, आणि चुकला की मजा वाटत होती. शेवटच्या भागात सगळे थांबले, फक्त अनुजाचा एक बारीक सूर उरला. तो कुणाच्या आधारावर उभा होता देव जाणे. बारीक होत होत तो कधी संपला, कळलंच नाही. हे पुन्हा ऐकायला पाहिजे, बाळासोंना वाटलं. आत्ताच्या आत्ता.

अनुजानं व्हायोलिन हनुवटीखालून काढलं. काठी खाली आली.

आणि हॉल गप्प. एक टाळी नाही.

“संपलं काय रं?” मास्तरांनी कुजबुजत विचारलं. त्यांनाही खात्री नव्हती. मध्यंतरात बोलणी खाल्लेलं कोल्हापूर आता शहाणं झालं होतं: भाग मोजायला कुणी बसलं नव्हतं, आणि पहिली टाळी वाजवून पुन्हा हसं करून घ्यायची कुणाचीच तयारी नव्हती. बाळासोंना कळलं होतं. लहानपणापासून वाजवणं संपल्याशिवाय पोर हनुवटी उचलत नसे. पण गळ्याशपथ घेतली होती! तिकडं अनुजा उभी होती आणि तिचे ओठ जयसिंगपूरसारखे मिटत चालले होते. बाळासोंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

अनुजाची नजर तिसऱ्या रांगेत आली. बाप गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून बसलेला तिला दिसला. ती एक पाऊल पुढं आली आणि अस्सल राजारामपुरी आवाजात म्हणाली, “आबा, बोला की आता!”

बाळासोंनी खडीसाखरेचा खडा सरळ गिळला. पहिल्यांदा नुसता ठसका आला. मग आला तो आवाज:

“वन्स मोअर!”

हॉल उठला. मागच्या रांगा, बाल्कनी, ‘वन्स मोअर, वन्स मोअर!’ आणि टाळ्यांचा कडकडाट. काठीवाले आधी दचकले, मग हसले आणि त्यांनी पानं मागं उलटली. शेवटचा भाग पुन्हा सुरू झाला. तो बारीक सूर पुन्हा उरला. या खेपेला तो कुठं संपतो ते धरायचंच, असं ठरवून बाळासो कान देऊन बसले, आणि लोकांच्या टाळ्या वाजायला लागल्या तरी ते ऐकतच होते.

बाहेर पार्किंगमध्ये मास्तरांनी चिमटा काढला. “काय बाळासो, आजबी कुणीतरी सांगितल्यावरच वरडलास न्हवं?”

“व्हय, सांगितलं पोरीनं,” बाळासो म्हणाले. आवाज पार बसला होता. “पर पायजे मला हुतं, मास्तर.”