आत्याच्या मनगटावरची लाली

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, पाचोडच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला माझ्या आत्याला फसवलं. शहरात, क्रांती चौकाजवळच्या एका खाजगी दवाखान्यात, इंग्रजी कागदावर अंगठा घेऊन. तिला तिथं नेणारी मीच.

दुष्काळात मेंढरं विकून आत्या शेंद्र्याच्या कारखान्यांकडं एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागली होती. उकळतं तेल मनगटावर सांडलं. जखम भरली, पण वण असा आवळला की मूठच मिटेना. मूठ नाही तर लोकर कातरायची कशी? पाऊस झाला की चार मेंढरं घेऊन परत फिरायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

दवाखान्याच्या पत्रकात होतं: पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वणात टोचू, नव्या रक्तवाहिन्या फुटतील, हात मऊ होईल. हमखास! स्वतः जाहिरातीची पत्रकं लिहून पोट भरणारी मी, त्या पत्रकाला भुलले.

मेंढीची पापणी उलटून बघायची. आतून लाल तर जित्राब खुशाल, पांढरी तर रक्त कमी. आत्याची आयुष्यभराची परीक्षा हीच. टोचल्यावर आठव्या दिवशी वण लाल झाला.

"बघ गं, रगत आलं!"

"आत्या, पण कढत लागतंय."

"जित्तं हाय म्हून कढत. मढं कढत असतंय व्हय? लई शिकलीस तू!"

मलाही पटलं. चार दिवसांनी पू आला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो काढला. मग माझ्या मनगटावर बोट दाबलं. कातडी पांढरी पडली, सोडताच रंग परतला. "रक्त खेळतंय ते असं दिसतं. ती लाली सुजेची होती."

"मग स्टेम सेल थोतांड?"

"नाही. त्या पेशी आसपासच्या पेशींना निरोप देतात, नव्या वाहिन्या फुटायला मदत होते, असं दिसतंय. पण वणात गुण किती, कुणाला, किती दिवस, ते अजून तपासताहेत. हमी कुणीच देऊ नये."

मला एक गोष्ट अजून कोडंच आहे. शेंद्र्याकडं नव्या वसाहतीत पाइप आधी आले, पाणी कित्येक उन्हाळ्यांनी. वणात नव्यानं फुटलेल्या वाहिनीत रक्त येईलच, हे कोण ठरवतं?

आत्याची मूठ अर्धीच मिटते. लोकरीच्या कातरीची मूठ चिंध्या गुंडाळून जाड करते, धरून बघते, निसटली की शिव्या घालते.

म्हणून तुम्ही एक करा. घरातलं कुणी अशा कागदावर अंगठा देणार असेल, तर आधी मराठीत लिहून मागा: हा इलाज सिद्ध झालाय की प्रयोग चाललाय? गुण आला तर काय दिसेल, बिघडलं तर काय? उत्तर हातात पडेपर्यंत अंगठा देऊ देऊ नका.