कोपरापर्यंत बाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, शाळेत नाही. कसं सांगायचं तेही ठरलेलं नाही — आणि मला ओळखणाऱ्यांना याचंच नवल वाटेल. मी आधी मुद्दे काढते, मग बोलते. गेल्या रविवारी याचेही मुद्दे काढायला बसले. एक लिहिला, खोडला. दोन लिहिला, तर तो पहिल्याच्या आधीचा निघाला. शेवटी कागद बाजूला सारला. तेव्हा जसं येईल तसं ऐका.

वालूरच्या पलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेत मी शिकवते. गावात मला यादीवाल्या बाई म्हणतात. निजामाच्या वेळची म्हातारी माणसं अजून फेरिस्तवाली म्हणतात. कुणाच्या घरी किती माणसं, कोण ऊसतोडीला गेलं, कोण बाळंतपणाला माहेरी आलं — माझ्या वहीत सगळं सापडतं. मला त्याचा अभिमान होता. आहे, असंही म्हणायला हवं. खोटं कशाला?

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावाच्या कडेला खडी फोडायला बाहेरून आलेली माणसं पालं ठोकून राहत होती, त्यांतल्या एका बाईला देवी आल्या. दोन दिवसांत तालुक्याचे डॉक्टर आले. नवे होते, तरुण, कोकणातले. त्यांनी बाजार बंद केला, गिरणी बंद केली, शाळा बंद केली. मग विचारलं, गावाची यादी कुणाकडे आहे? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

लस बर्फात यायची आणि थोडी यायची. म्हणून नियम असा केला — ज्याच्या दंडावर देवी काढल्याची जुनी खूण आहे त्याला आत्ता टोचायचं नाही, त्याला मोकळीक. खूण नाही त्याला टोचायचं, आणि खपली धरेपर्यंत त्यानं गावाची शीव ओलांडायची नाही. घरोघर जाऊन दंड बघायचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी चावडीच्या फळ्यावर मी खडूनं लिहायची — अमुक गल्ली पूर्ण झाली, गिरणी उद्यापासून सुरू, बाजार अजून बंद. वाचता न येणारेही फळ्यासमोर उभे राहायचे. कुणीतरी म्हणायचं, बाई, गिरणी उघडली म्हणून लिवा की वं, दळण संपलंय. आणि सगळे हसायचे. दिवस वाईट होते, पण मी कामाला लागलेली होते. मला बरं वाटत होतं. हे सांगणं बरं दिसत नाही — पण तसंच होतं.

आजारी बाईच्या पालात मात्र मी गेले नाही. कोतवालाला पाठवलं. यादीत त्या पालापुढे ‘पाहिले’ असं आहे. का गेले नाही? हे लक्षात असू द्या, मी त्याकडे येते आहे.

पहिल्यांदा शाळा उघडली, तीही फक्त सातवीसाठी, कारण त्यांची परीक्षा आठवड्यावर आली होती आणि केंद्र वालूरला होतं. दारात डॉक्टर उभे, त्यांच्या शेजारी मी वही घेऊन. एकेक मूल बाही वर करून आत जायचं. सातवीत मुली दोनच होत्या. त्यांतली एक कौसा.

कौसा मेंढपाळाची. तिचे आई-बाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर रानोमाळ जायचे. ती चुलत्याकडे राहून शाळा शिकायची, पण सुगीच्या वेळी महिना-दीड महिना त्यांच्यामागे जायचीच. तरी पहिल्या तिघांत असायची. सातवी पास झाली तर बाप तिला मामाकडे मानवतला ठेवणार होता, हायस्कुलात. हे त्यानं माझ्यासमोर कबूल केलं होतं, आणि मीच ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. तिच्या परीक्षेवर काय टांगलेलं आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

तिनं बाही वर केली. दंडावर डाग होता. काळा. मी एकदाच पाहिला आणि म्हटलं, “हा बिब्बा आहे.”

डॉक्टरांना बिब्बा माहीत नव्हता. मी त्यांना सांगितलं — चांगलं खणखणीत, वर्गात सांगावं तसं. बिब्बा म्हणजे एका झाडाचं काळं फळ. तापवलं की तेल सुटतं. ते कातडीला लावलं की भाजतं, फोड येतो, डाग राहतो. लोक दुखण्यावर लावतात. आणि ज्यांना सुई नको असते ते दंडावर लावतात, म्हणजे देवी काढल्यासारखं दिसतं. लशीची खूण फिकट असते, जरा खोलगट, आत बारीक टिंबं. बिब्ब्याचा डाग सपाट आणि काळा, कडेला शाई पसरल्यासारखा.

मुलं हसली. मागून कुणीतरी “बिब्बाबाई” म्हणालं. कौसाची आई, पारूबाई, मेंढरं गावाजवळ आल्यामुळे त्या दिवशी सोबत आली होती. ती म्हणाली, “टोचलंय वं बाई. मानवतच्या बाजारात टोचलं, दोन वरसं झाली. ते पिकलं, बरं व्हईना, म्हणून वरून बिब्बा लावला. कशाला खोटं बोलू?”

मी म्हटलं, सगळे असंच सांगतात.

खरं तर तसं कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या यादीत तोवर बिब्ब्याचा एकही माणूस नव्हता.

पारूबाई माझ्याकडे बघत राहिली. मग पोरीची बाही खाली ओढून म्हणाली, “बाई, तुमी बिब्बा लय चांगला वळखता.” लोकांना तो टोमणा वाटला. डॉक्टरांना शाबासकी वाटली असावी. ते म्हणाले, तुमच्यासारखी नजर प्रत्येक गावात हवी. मला काय वाटलं? मी वहीत कौसाच्या नावापुढे लिहिलं — बिब्बा.

तिला तिथेच टोचलं. म्हणजे आता खपली धरेपर्यंत शीव ओलांडायची नाही. म्हणजे वालूर नाही. म्हणजे परीक्षा नाही. हे सगळं मी ते तीन शब्द बोलले तेव्हा मला कळलेलं होतं का? मी बरेचदा आठवून पाहते. कधी वाटतं कळलेलं होतं, कधी वाटतं नव्हतं.

पण खरी गोष्ट ही नाही. ही चूकही असू शकते — डोळ्यांची. खरी गोष्ट चौथ्या दिवशीची.

चौथ्या दिवशी डॉक्टर टोचलेल्यांचे दंड बघायला आले. बाकीच्यांना पुळ्या धरलेल्या. कौसाच्या दंडावर काहीच नाही — नुसता लाल ठिपका, तोही वाळत आलेला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हे दोन कारणांनी होतं. एक तर लस उन्हानं मेलेली असेल. नाहीतर या मुलीला आधी खरंच टोचलेलं असेल. परीक्षा परवा होती. ते म्हणाले, मला बिब्बा ओळखता येत नाही. तुम्ही मला नक्की बिब्ब्याचा असा एखादा डाग दाखवा. तो आणि हा शेजारी ठेवून बघतो, आणि वाटलं तर आत्ता चिठ्ठी देतो, जाईल पोर परीक्षेला.

एवढं साधं होतं. एक डाग दाखवायचा.

मी म्हटलं, “गावात दुसरा नाही.”

तो माझ्या डाव्या दंडावर होता. बाहीच्या आत, डॉक्टरांपासून हातभर अंतरावर.

सांगितलं एकदाचं. आता मागचंही सांगते, पण ते कारण म्हणून घेऊ नका. मी सहा-सात वर्षांची असताना देवी काढणारा डॉक्टर आमच्या गावी आला. तेव्हा आमची वस्ती गावकुसाबाहेर होती, आम्ही बौद्ध व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. तो वस्तीत शिरला नाही. आम्हाला हात लावायचा नव्हता त्याला. लांब उभा राहून त्यानं नावं विचारली आणि सगळ्यांना टोचलं असं लिहून घेतलं. मग वरचा साहेब तपासायला येणार म्हणून त्यानंच निरोप धाडला — पोरांच्या दंडावर बिब्बा लावा, साहेब लांबूनच बघतो. आईनं लावला. मी दोन रात्री रडले. साहेबानं लांबूनच बघितलं.

म्हणजे पहिली खोटी यादी मी केलेली नाही. मी तिच्यात होते. याच्यामुळे मला खऱ्या याद्यांचं वेड लागलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. छान वाटतं ऐकायला, नाही? पण मग नोकरीला लागताना दवाखान्यात दंड बघून ‘खूण आहे’ असं लिहिलं, तेव्हा मी गप्प का बसले? तेव्हा तर कुणी लांबून बघत नव्हतं. त्यानंतर मी झंपराच्या बाह्या कोपरापर्यंत शिवायला लागले. शिंपी विचारायचा, उन्हाळ्यात एवढी बाही? मी म्हणायची, शाळेत बरं दिसतं.

आजारी बाईच्या पालात का गेले नाही, ते आता कळलं असेल. मला देवी येऊ शकत होत्या. गावात लस न टोचता मोकळी फिरणारी मीच होते आणि लोकांचे दंड तपासणारीही मीच.

मग गुपचूप टोचून का घेतलं नाही? सुईची भीती होती का? नाही, सुईला मी भीत नाही. टोचताना बाही वर करावी लागली असती. लोक म्हणाले असते, बाईचाच डाग खोटा. शिवाय आमच्यातली बाई शिकून मास्तरीण झालेली काहींना खुपत होतीच. ते काय म्हणाले असते तेही मला पाठ होतं. हे सगळं खरं आहे. पण हे त्या क्षणी माझ्या मनात होतं का, हे मला सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट तर मला अजिबात उलगडत नाही. गावात दुसरा डाग नाही, हे धडधडीत खोटं होतं. निम्म्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यावर, कमरेवर, घोट्यावर बिब्ब्याचे डाग होते. शाळेसमोरच्या ओट्यावर एक बसलेलीच होती. मी डॉक्टरांना तिच्याकडे न्यायचं, तिचा घोटा दाखवायचा, आणि माझी बाही होती तिथे राहिली असती. माझं काही गेलं नसतं. पोर परीक्षेला गेली असती. दोन पावलं चालायचं होतं. ते मला सुचलं नाही? की सुचलं आणि मला दाखवायचंच नव्हतं — कारण शेजारी ठेवून बघितलं असतं आणि मी चुकलेली निघाले असते? माझी यादी चुकली असती? मी आठ वर्षं या प्रश्नापाशी येते आणि परत जाते. यापलीकडे मला दिसत नाही.

परवाचा दिवस आला. वर्गातली मुलं बैलगाडीतून वालूरला गेली. मी त्यांच्याबरोबर होते, हजेरीची वही घेऊन. कौसा शिवेपर्यंत चालत आली आणि दगडापाशी थांबली. तिथून पुढं जायचं नाही, हे मीच फळ्यावर लिहिलेलं होतं. ती रडत नव्हती. दुसऱ्या मुलीला तिनं आपली टाकाची दौत दिली. मी गाडीत समोर बघत बसले.

पुढच्या वर्षी बसव म्हणून मी तिच्या बापाला सांगितलं. त्यानं मान हलवली. पुढचं वर्ष दुष्काळाचं निघालं. चाऱ्यासाठी ते मेंढरं घेऊन कुठल्या कुठे गेले.

देवीचं संकट टळलं. ती आजारी बाई वाचली, गावात आणखी कुणाला झालं नाही. बाजार उघडला असं फळ्यावर लिहिलं, त्या दिवशी लोकांनी माझ्या हातात मानाचा नारळ ठेवला. पुढे दोन महिने डॉक्टरांनी मला आजूबाजूच्या गावांत नेलं, बिब्बा ओळखायला. मी शिकवायचीही — खूण कशी, डाग कसा. फळ्यावर चित्र काढून.

गेल्या साली सेलूच्या स्टँडवर कौसा भेटली. कडेवर मूल. आता देवीची लस बंद झाली आहे, त्या लेकराचा दंड कोरा असणार. तीच पुढे आली, म्हणाली, “बाई, वळखलं का?” मी हो म्हटलं. चहा घेता का म्हणाली. तिचा झंपर आखूड बाहीचा होता. डाग आता विटला होता, आणि त्याच्या मधोमध — मला वाटलं, बारीक टिंबं आहेत. खोलगट. मग ती वळली, ऊन बदललं, आणि नुसता काळा डाग दिसला. मी पुन्हा बघायला वाकले नाही. तिनं माझी नजर पाहिली आणि पदर दंडावर ओढून घेतला. त्यात राग नव्हता. सवय झाली असावी तसा ओढला. माझी गाडी लागली, मी गेले.

ती वही अजून माझ्याकडे आहे. काल काढून पाहिली. कौसाच्या नावापुढे ‘बिब्बा’ आहे, अधोरेखित केलेलं. पहिलं पान शाळेच्या माणसांचं, कारण डॉक्टर म्हणाले होते सुरुवात आपल्यापासून करा. तिथे वरून पहिलं नाव माझं. त्यापुढे लिहिलंय — खूण आहे, स्वतः पाहिली. अक्षर माझंच आहे, वळणदार, एकही खाडाखोड नाही.