पंडिताचं काम

खोबरेल तेलात कालवलेल्या काजळाचा वास आला की चांद्याच्या आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवतं. पन्नास सालानंतरची गोष्ट. नाटकात एक पंडित विद्येसाठी सैतानाला आत्मा विकतो. पंडिताचं काम माझा वर्गमित्र महिनाभर बसवत होता. त्याच्या घरचे तलावावर मासे धरत. प्रमुख पाहुणे म्हणून माझे वडील, जंगलखात्यातले साहेब, येणार असं ठरलं आणि हेडमास्तरांनी आयत्या वेळी पंडित मला दिला. "तू सैतान हो. तुले नागपूरच्या वसतिगृहासाठी चिठ्ठी देतो," ते त्याला म्हणाले. "पण सर, माय मले पंडित पाहाले येऊन राह्यली," एवढंच तो बोलला आणि त्यानं तोंडाला काजळ फासलं. नाटक संपल्यावर त्याची आई पडद्यामागे आली आणि त्यालाच विचारू लागली, "भाऊ, माहा पोरगा कुठी हाय गा? दिसलाच नाई." आम्ही पोट धरून हसलो. तो बाहीनं तोंडाचं काजळ पुसू लागला. शाळेतून एकाच मुलाची शिफारस जात असे. निकालानंतर हेडमास्तरांनी चिठ्ठी माझ्या नावानं लिहिली आणि मी तीच घेऊन नागपूरला गेलो. ती कोणाला कबूल केली होती हे मला माहीत होतं. आजवर मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.