दहा कुटुंबे आणि एक चूल

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. राहायला सालवडला एक खोली होती. रविवारी मात्र मी दातिवऱ्याला आत्याकडे जाई. तिथल्या बायका मासळी वाळूवर सुकवीत आणि वाळू लागलेल्या मासळीला व्यापारी खताचा भाव देत. सिमेंटचा ओटा बांधायला सरकारी मदत मिळणार होती, पण केवळ नोंदणी झालेल्या सहकारी संस्थेला. मग आत्या मुख्य प्रवर्तक झाली, आणखी नऊ जणी पुढे आल्या आणि अर्ज मी लिहिला.

गावात पुरुषांची जुनी मच्छीमार सोसायटी होती. तिच्या अध्यक्षांनी, म्हणजे आत्याच्या नात्यातल्या दिरांनीच, हरकत घेतली. कायद्याला दहा वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती हव्या होत्या. या दहाही जणींचे आडनाव एक, तेव्हा कुटुंबही एकच, असे त्यांचे म्हणणे.

पालघरला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांपुढे सुनावणी झाली. मी उत्साहाने व्याख्येपासून सुरुवात केली. आडनावाने कुटुंब ठरवले तर निम्मा गाव एकाच घरात कोंबावा लागेल; ज्यांची चूल एक त्यांचे कुटुंब एक, आणि हा निकष प्रत्यक्ष पडताळता येतो, असे मी मांडले. निबंधकांना पडताळण्याची कल्पना फार आवडली. आपण स्वतः गावात येऊन पाहू, असे त्यांनी जाहीर केले. तेवढ्यात अध्यक्षांना पाहुणचाराचा अभिमान अनावर झाला. आमच्यात वेगळी चूल कसली, या साऱ्या जणी माझ्याच घरी जेवतात, असे ते बोलून गेले.

आत्याने कचेरीत तोंडाला पदर लावला. एस.टी.त बसल्यावर मात्र ती हसू लागली, आणि गाव येईपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या वेळी दहा जणी जेवायला अध्यक्षांच्या ओटीवर हजर होऊ लागल्या.

"भाऊजी, साहेबांना तुमीच सांगितलंत ना?" आत्या म्हणाली. "आमी घरच्याच हाव."

अध्यक्षांची कोंडी विलक्षण होती. हाकलावे तर हरकत बुडे, वाढावे तर भात. त्यांच्या पत्नीने आधी हसून वाढले, मग न हसता वाढले, आणि शेवटी लग्नकार्याचे मोठे पातेले मागून आणले. बायका मात्र निवांत जेवत, कालवणात मीठ कमी असल्याचे प्रेमाने सुचवीत आणि उष्टी ताटे तिथेच ठेवून उठत. रविवारी मीही पंगतीला बसले आणि हसताना भाताचे शीत नाकात गेल्यामुळे पुढचा युक्तिवाद मला काही वेळ करता आला नाही.

पाहणीच्या दिवशी मी कारखान्यातून रजा काढली. निबंधक ओटीवर आले तेव्हा पंगत अजून उठायची होती. अध्यक्षांनी हात फिरवून दाखवले: बघा, एकच घर. माझाच निकष माझ्यावर उलटला होता. डोळ्यांपुढचा ओटा पुन्हा वाळूत मिसळला.

इतक्यात अध्यक्षांची पत्नी भाताचा डाव हातात घेऊन बाहेर आली.

"साहेब, ह्यातली एक बी माझ्या घरची नाय," ती म्हणाली. "घरची असती तर एकीनं तरी ताट घासलं असतं."

अध्यक्ष काही बोलू पाहत होते. तिने त्यांच्याकडे नुसता डाव वळवला. निबंधकांनी खाली मान घातली, बहुधा हसू लपवायला, आणि तिचा जबाब लिहायला घेतला. मग ती आत्याशेजारी टेकली आणि नव्या संस्थेत आपल्यालाही घेणार का, असे हळूच विचारू लागली.

मला त्या बाईची इतकी दया आली की मी माझे ताट उचलून उठू लागले. आत्याने माझे मनगट गच्च धरून मला खाली बसवले.

"बस, पोरी," ती कुजबुजली. "साहेबांची सही होईपर्यंत ताटाला कोणी हात लावायचा नाय."