गठाणीवरचं फूल

मार्केवाल्या चाचांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि नांदुऱ्याच्या आमच्या कापूस दाबून गठाणी बांधणाऱ्या प्रेसमधून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक गठाणीवरचा इंग्रजी मार्का त्यांच्या हातचा होता. ते अक्षरं लिहीत नसत, काढत. 'बी' म्हणजे दोन पोटांचा शेठ, 'के' म्हणजे भिंतीला पाय लावून बसलेला आळशी माणूस. काजळी आणि जवसाचं तेल खलून केलेला रंग, एक जुना कुंचला, आणि खरबरीत बारदानावरून न थरथरता जाणारा हात. मुंबईत गठाण फोडली की हे बारदान चिंध्यांत जाणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी एकदा म्हणालोही, "चिंध्यांसाठी एवढी मेहनत काऊन, चाचा?"

"चिंधी व्हाले अजून टाइम आहे, बाबू. आत्ता तं गठाणच आहे न."

मी तिथं पत्रव्यवहाराचा कारकून होतो. मॅट्रिक झालेला, चार पुस्तकं वाचलेला, आणि म्हणून जगात कशालाच अर्थ नाही अशी खात्री बाळगणारा. चाचांशी यावर वाद घालायला मला आवडे. ते वाद घालत नसत. "थांबा, हा शेठ अर्धा राह्यला," म्हणून 'बी'चं दुसरं पोट पुरं करत. तेवढ्यात माझा मुद्दा विरून जाई.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेलं होतं. साहेब कधी नागपूरचा येई, कधी अमरावतीचा. केळीच्या खांबांची कमान मात्र तीच असे. असाच एक मोठा साहेब प्रेस पाहायला आला. मॅनेजरांनी आम्हाला सकाळपासून उन्हात उभं केलं होतं. साहेबाने जे विचारायचं ठरलं होतं ते विचारलं, जे सांगायचं ठरलं होतं ते ऐकलं, आणि हार सांभाळत तो गठाणींकडे वळला. सगळे वाकले. चाचा उठलेच नाहीत. कुंचला अक्षराच्या मध्यावर होता. मॅनेजर दात आवळून म्हणाले, "चाचा, उठा!" चाचा मान न वळवता म्हणाले, "आता उठलो तं रंग गळते, साहेब." साहेब हसला आणि पुढे गेला. मॅनेजर आठवडाभर हसले नाहीत.

या माणसाजवळ कुंचल्याशिवाय दुसरं काही नव्हतं. चाची गेलेली, पोरबाळ नाही. पावसाळा वरवट बकाल गावातल्या एका खोलीत कसाबसा काढायचा आणि कापसाचा हंगाम लागला की नांदुरा गाठायचं. मॅनेजरांना मात्र अक्षरं आरपार कोरलेले टिनाचे पत्रे आणायचे होते. पत्रा ठेवला, रंग फिरवला, झालं काम. पत्रे आले की चाचांची गरज संपणार, हे प्रेसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. चाचांनाही.

चाचा गठाणींवर फुलंही काढत, आणि हे ठाऊक असूनही ते त्यांनी सोडलं नाही. गठाणीच्या कोपऱ्यात, मार्क्याच्या खाली, पाच पाकळ्यांचं एक छोटं फूल. सगळ्या गठाणींवर नाही. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात काम करणाऱ्या बायकांपैकी एकेकीच्या नावाने हंगामात एकेक. कुणी तापाने पडली, कुणाच्या घरी वाईट झालं, तर तिचा नंबर आधी.

"गठाणीवर शेठचं नाव आहे, प्रेसचं आहे," ते मला म्हणाले. "धूळ खाऊन कापूस साफ केला तिचं कुठीच नाही. मले नाव लिहिता येत नाही, बाबू. फूल येते."

बायका हक्काने विचारत. सकरूबाई तर भांडायचीच.

"चाचा, माह्यं फूल कवा?"

"तुह्यं झालं न सोमवारी."

"ते तं वाकडं होतं!"

"तू बी त्या दिशी वाकडीच बोलून राह्यली होती."

एका हंगामाच्या शेवटी मुंबईच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. फुलाच्या गठाणी म्हणजे तुमचा वरच्या प्रतीचा माल, असं त्याने आपल्याच मनाने ठरवलं होतं. आता त्याला फुलाचाच माल हवा होता, आणि बिनफुलाच्या गठाणी त्याने अडवून ठेवल्या होत्या. "हे फूल कोणाच्या बापाचं?" मॅनेजर ओरडले. चाचांनी सांगितलं. मॅनेजरांनी मला उत्तर लिहायला बसवलं. मी लिहिलं, 'सदर फुलास काहीही अर्थ नाही.'

चाचांनी ते मला वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "बराबर हाये. बंबईत त्याले काय अर्थ राहीन?"

पुढच्या हंगामाला पत्रे आले आणि चाचांना येऊ नका म्हणून निरोप गेला.

पण पत्रे जमेनात. मलकापूरहून आणलेला माणूस घामाघूम होऊन रंग फासायचा आणि पत्रा उचलला की सगळी अक्षरं एकमेकांत ओघळलेली. तीन दिवस हेच चाललं. मी मॅनेजरांना म्हटलं, चाचांना बोलवू. मॅनेजर नाइलाजाने हो म्हणाले. चाचा दुसऱ्याच दिवशी हजर. धुतलेला सदरा, फडक्यात बांधलेला कुंचला. मॅनेजर सर्वांसमोर म्हणाले, "दुपारपर्यंत पाहतो. नाही जमलं तर पत्रे परत, आणि चाचा हंगामभर."

म्हणजे चाचांना दुपारपर्यंत नुसतं बसून राहायचं होतं.

चाचा कडुलिंबाखाली बसले. मलकापूरवाल्याने एक गठाण बिघडवली, मग दुसरी. तिसरीला चाचा उठले.

"सरका, भाऊ. रंग पातळ झाला तुमचा. तेल कमी टाका, काजळी वाढवा. आन् कुंचला आडवा नोका ओढू, उभा ठोका. हां, असा."

पत्रा उचलला. छाप काळाभोर, धारदार. मलकापूरवाला त्यांच्या पायाला हात लावायला वाकला, त्याला त्यांनी वरच्या वर धरलं.

मी त्यांना बाजूला ओढलं. मला राग आवरत नव्हता. "हे काऊन केलं, चाचा?"

"तुम्हाले दिसत नोतं काय? गठाण खराब होऊन राह्यली होती."

"आणि तुमचं?"

"माह्यं मंग पाहू."

मॅनेजरांनी मला विचारलं, आता चाचांना ठेवून घ्यायची गरज नाही ना? छाप माझ्यासमोर होता. गरज नाही, मी म्हणालो.

चाचांनी घासलेटने हात धुतले, कोरडाच राहिलेला कुंचला कमरेला खोचला आणि फाटकाबाहेर गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते वारल्याचं मला पुढचा हंगाम लागल्यावर कळलं. तोवर मलकापूरवाल्याचा हात चांगला बसला होता. पुढे बरीच वर्षं तो आमच्याकडे होता, आणि रंग त्याने कधी पातळ होऊ दिला नाही.